मेन थ्रेडवर चालतं, दुसऱ्या थ्रेडवर कोसळतं: व्हर्च्युअल मशीन पोर्ट करताना वारंवार येणारी अडचण

लक्षण जवळजवळ नेहमी सारखंच असतं. उबुंटू किंवा डेबियनवर बिनतक्रार चाललेली पायथनची सेवा, कंटेनरची इमेज लहान व्हावी म्हणून अल्पाइन लिनक्सवर नेली जाते. बिल्ड होतो, टेस्ट पास होतात, सर्व्हर उठतो. मग कधीतरी कंसात कंस, त्या कंसात आणखी कंस अशी खोल जेसन (मजकुरात लिहिलेला डेटा) दुसऱ्या एखाद्या थ्रेडवर वाचली जाते आणि प्रोसेस जागच्या जागी मरते. ट्रेसबॅक मिळत नाही, लॉगची शेवटची ओळ अर्धवट तुटलेली असते. कंटेनरचा एक्झिट कोड दिसतो १३९. तीच जेसन त्याच इमेजमध्ये मेन थ्रेडवर (प्रोसेस सुरू होते त्या पहिल्या थ्रेडवर) वाचली तर काहीही मोडत नाही. फार तर रिकर्शनएरर (कॉल फार खोल गेल्याची पायथनची तक्रार) येतो, जो पकडता येतो.

१३९ म्हणजे १२८ अधिक ११, आणि ११ हा सेगमेंटेशन फॉल्टचा (परवानगी नसलेल्या मेमरीला हात लावल्याचा) सिग्नल. मेमरी संपली म्हणून कर्नलने प्रोसेस मारली असती तर कोड १३७ आला असता. हा फरक आधी बघून घ्या. कंटेनर मेला की पहिला हात मेमरी लिमिट वाढवण्याकडे जातो, आणि या बाबतीत लिमिट दुप्पट करूनही क्रॅश जिथल्या तिथे राहतो.

हा बग पायथनचा नाही, मसल या अल्पाइनच्या सी लायब्ररीचाही नाही; थ्रेडला मिळालेला स्टॅक (फंक्शनच्या कॉलची माहिती ठेवणारी मेमरी) लहान पडतो. पायथन, जावा, डॉटनेट, रूबी, किंवा तुम्ही स्वतः लिहिलेला छोटा बाइटकोड इंटरप्रिटर, कुठलीही व्हर्च्युअल मशीन (प्रोग्रॅमचा कोड चालवणारं इंजिन) नेटिव्ह थ्रेड, म्हणजे सिस्टीमचे थ्रेड, वापरत असेल आणि ती एका सिस्टीमवरून दुसरीकडे नेली जात असेल, तर ही अडचण या ना त्या रूपात येतेच. मी पायथन आणि अल्पाइनचं उदाहरण धरतो, कारण ते घरी पंधरा मिनिटांत करून बघता येतं.

पोर्ट नेमकं कशाचं झालं?

कंटेनरमध्ये कर्नल होस्टचाच असतो. उबुंटूच्या जागी अल्पाइन घेतलं म्हणून थ्रेड चालवणारा शेड्यूलर बदलत नाही. बदलते ती सी लायब्ररी. उबुंटू-डेबियनवर ग्लिबसी असते, अल्पाइनवर मसल. थ्रेड तयार करणं, त्याला स्टॅक देणं, थ्रेड-लोकल (प्रत्येक थ्रेडची खासगी) मेमरी मांडणं ही सगळी कामं सी लायब्ररीची आहेत, त्यामुळे थ्रेडच्या दृष्टीने हा पूर्ण पोर्टच झाला. पूर्वीही असं झालेलं आहे. २००३ साली रेड हॅट लिनक्स ९ मध्ये लिनक्सथ्रेड्स या जुन्या थ्रेड लायब्ररीच्या जागी एनपीटीएल ही नवी लायब्ररी आली. तोवर लिनक्सवर प्रत्येक थ्रेडचा प्रोसेस आयडी वेगळा दिसायचा. त्या वागणुकीवर विसंबलेले प्रोग्रॅम त्याच लिनक्सवर मोडले, आणि लोकांना एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावून जुनी लायब्ररी परत आणावी लागली.

पोसिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाचा थ्रेड इंटरफेस दोन्हीकडे सारखा असल्यामुळे कंपायलर एक शब्द बोलत नाही. थ्रेड तयार करताना अ‍ॅट्रिब्यूटच्या जागी नल दिलं तर स्टॅक किती मिळेल, हे पोसिक्स सांगतच नाही. ते ज्याचं तो ठरवतो. ग्लिबसी हा आकडा 'युलिमिट -एस' या स्टॅकच्या मर्यादेवरून उचलते, म्हणजे बहुतेक ठिकाणी ८ एमबी. मसलचा डीफॉल्ट १२८ केबी; १.१.२१ या आवृत्तीच्या आधी तर तो ८० केबी होता. मॅकओएसवर मेन थ्रेडला ८ एमबी, पण नंतरच्या थ्रेडना ५१२ केबी. विंडोजवर एक्झिक्युटेबलच्या हेडरमध्ये लिहिलेला आकडा चालतो, आणि लिंकरला काही सांगितलं नसेल तर तो १ एमबी असतो.

आता पायथनची रिकर्शनची मर्यादा बघा. डीफॉल्ट १०००. १२८ केबीला १००० ने भागलं की एका कॉलच्या वाट्याला १३१ बाइट येतात. इंटरप्रिटरच्या मुख्य लूपची एक सी फ्रेम (एका कॉलने स्टॅकवर घेतलेली जागा) याहून कितीतरी मोठी असते. म्हणजे पायथनचा मोजणारा काटा १००० वर पोचायच्या फार आधी स्टॅक संपतो. पायथनला वाटतं अजून जागा आहे, आणि प्रोसेसर तोवर गार्ड पेजवर (स्टॅकच्या टोकाला मुद्दाम बंद ठेवलेल्या पानावर) आदळलेला असतो. ही तक्रार पायथनच्या बग यादीत २०१७ साली ३२३०७ या क्रमांकाने नोंदवली गेली आहे.

खात्री कशी करायची

अंदाजावर दुरुस्ती करू नका, डोळ्यांनी बघा. प्रोग्रॅम जीडीबी या डीबगरखाली चालवा आणि क्रॅश होऊ द्या. बॅकट्रेसमध्ये तीच तीन-चार फंक्शनं शेकडो वेळा फिरून आलेली दिसतील. एवढ्याने रिकर्शन असल्याचं कळतं, पण स्टॅक संपला हे सिद्ध होत नाही. त्यासाठी दोन पत्ते लागतात: फॉल्ट ज्या पत्त्यावर झाला तो, आणि त्या क्षणीचा स्टॅक पॉइंटर (स्टॅक कुठवर वापरला ते सांगणारा पत्ता). दोन्ही एकमेकांच्या अगदी जवळ असले तर संशय पक्का होत जातो.

मग प्रोसेसचा मेमरी मॅप (पत्त्यांच्या पट्ट्यांची यादी) काढा. फॉल्टचा पत्ता ज्या ओळीत पडतो तिच्या परवानगीच्या रकान्यात वाचा-लिहाची अक्षरं नसतात, नुसत्या आडव्या रेघा असतात. तेच गार्ड पेज. त्याच्या लगेच पुढच्या, मोठ्या पत्त्यांची ओळ वाचा-लिहा परवानगीची असेल. तो तुमच्या थ्रेडचा स्टॅक. तिच्या शेवटच्या पत्त्यातून सुरुवातीचा पत्ता वजा करा. हेक्समध्ये २०००० च्या थोडं वर काही आलं, तर ते १,३१,०७२ बाइट आणि त्यावर थ्रेड-लोकल मेमरीची थोडी भर. म्हणजे मसलचा डीफॉल्ट स्टॅकच तुमच्या हातात आहे. ही वजाबाकी जमली की पुढे वाद उरत नाही.

एक फसवी गोष्ट इथे सांगायलाच हवी. पायथन ३.११ पासून पायथनच्या फंक्शनने पायथनचंच फंक्शन बोलावलं तर सी स्टॅक खर्च होत नाही. त्यामुळे स्वतःलाच बोलावणारं दोन ओळींचं फंक्शन लिहून चाचणी घेतली तर नव्या आवृत्तीवर ती पास होते, आणि प्रश्न मिटल्यासारखा वाटतो. तो मिटलेला नसतो. कॉल मध्ये कुठे सीमधून गेला, जसं जेसन वाचताना, पिकल करताना (ऑब्जेक्ट बाइटमध्ये साठवताना), किंवा एकात एक याद्यांचं रिप्र (छापण्याजोगं रूप) काढताना, तर सी स्टॅक आधीसारखाच खर्च होतो. चाचणी त्याच वाटेने घ्या.

दुरुस्ती

सर्वात जवळचा उपाय पायथनमध्येच आहे. थ्रेडिंग मॉड्यूलमध्ये स्टॅक_साइझ नावाचं फंक्शन आहे; थ्रेड तयार करण्याआधी त्याला हवा तो आकडा बाइटमध्ये द्यायचा. आधी तयार झालेल्या थ्रेडवर त्याचा परिणाम होत नाही. म्हणून ते प्रोग्रॅमच्या अगदी सुरुवातीला हवं, कुठलीही लायब्ररी इम्पोर्ट होताना स्वतःचे थ्रेड उघडण्याच्या आधी. हा क्रम चुकला तर अर्धे थ्रेड मोठ्या स्टॅकवर आणि अर्धे लहान स्टॅकवर चालतात, आणि क्रॅश कधी होतो कधी नाही.

पायथन स्वतः बिल्ड करत असाल तर थ्रेड_स्टॅक_साइझ हा मॅक्रो कंपाइल करतानाच ठरवून द्या. अल्पाइनवरच्या डॉकरच्या अधिकृत पायथन इमेजमध्ये तो १ एमबी ठेवलेला आहे, नेमक्या याच कारणासाठी. मॅकओएस आणि फ्रीबीएसडीसाठी असे आकडे सीपायथनच्या (सीमध्ये लिहिलेल्या मूळ पायथनच्या) सोर्समध्येच लिहिलेले आहेत.

मग अधिकृत इमेज वापरूनही काहींना हा क्रॅश का दिसतो? कारण तो मॅक्रो फक्त पायथनने स्वतः तयार केलेल्या थ्रेडना लागू होतो. सी++ च्या प्रोग्रॅममध्ये पायथन एम्बेड केलं असेल, किंवा एखाद्या लायब्ररीने स्वतःच्या थ्रेडमधून पायथनला कॉलबॅक दिला असेल, तर तो थ्रेड मसलच्या १२८ केबीवरच जन्मलेला असतो. अशा वेळी मुख्य एक्झिक्युटेबल लिंक करताना 'झेड स्टॅक-साइझ' हा लिंकरचा पर्याय द्या. मसल १.१.२१ पासून तो आकडा प्रोग्रॅम हेडरमधून वाचते आणि डीफॉल्ट म्हणून वापरते, जास्तीत जास्त ८ एमबीपर्यंत. प्रोग्रॅम सुरू झाल्यानंतर लोड होणाऱ्या शेअर्ड लायब्ररीच्या लिंकिंगमध्ये हा पर्याय घालून वाट बघत बसू नका, तो मुख्य प्रोग्रॅमलाच हवा.

स्टॅक वाढवला की रॅम जाईल ही भीती बऱ्याच जणांना असते. लिनक्सवर थ्रेडचा स्टॅक म्हणजे राखून ठेवलेले पत्ते. ज्या पानाला हात लागतो तेवढंच रॅममध्ये येतं. २०० थ्रेडना १ एमबीप्रमाणे २०० एमबी पत्ते लागतील, पण प्रत्यक्ष वापर थ्रेड किती खोल जातो त्यावर ठरेल. ३२-बिट मशीनवर किंवा ओव्हरकमिट (असलेल्या मेमरीपेक्षा जास्त देऊ करणं) बंद केलेल्या सर्व्हरवर मात्र हिशेब करूनच आकडा ठेवा.

हे सगळे उपाय आकडा वाढवण्याचे आहेत आणि माझ्या मते ते अर्धेच आहेत. खरा दोष असा की व्हर्च्युअल मशीन कॉल मोजते, स्टॅक मोजत नाही. कॉलची संख्या हे स्टॅकचं माप फक्त त्याच कॉम्प्युटरवर, त्याच कंपायलरने, त्याच ऑप्टिमायझेशनवर खरं ठरतं. डीबग बिल्ड केला की फ्रेम फुगतात आणि माप चुकतं. व्हर्च्युअल मशीनने थ्रेड सुरू होताना स्वतःच्या स्टॅकची खालची हद्द विचारून ठेवावी आणि खोल जाताना स्टॅक पॉइंटर त्या हद्दीशी ताडून बघावा. जावाचं हॉटस्पॉट (जावाची व्हर्च्युअल मशीन) कितीतरी वर्षं हे करत आलं आहे: प्रत्येक जावा थ्रेडच्या स्टॅकखाली ते स्वतःची संरक्षित पानं ठेवतं, आणि तिथे स्पर्श झाला की प्रोसेस मरण्याऐवजी स्टॅकओव्हरफ्लोएरर मिळतो. सीपायथननेही ३.१४ मध्ये स्टॅक पॉइंटर तपासण्याची वाट धरली आहे. स्वतःची मशीन लिहिणाऱ्यांनी सुरुवातच इथून करावी.

हद्द विचारायची, पण कोणाला?

इथे प्रत्येक सिस्टीमचा दरवाजा वेगळा आहे. लिनक्सवर पीथ्रेड_गेटअ‍ॅटर_एनपी हे फंक्शन स्टॅकचा सर्वात खालचा पत्ता आणि आकार देतं. मॅकओएसवर त्याच कामाची दोन वेगळी फंक्शनं आहेत, आणि पत्ता मिळतो तो स्टॅकच्या वरच्या टोकाचा. लिनक्सचा कोड जसाच्या तसा नेला तर हद्द पूर्ण स्टॅकभर वर सरकते आणि मशीन पहिल्याच कॉलला ओव्हरफ्लो सांगते. ओपनबीएसडीही वरचंच टोक देते. फ्रीबीएसडीचं फंक्शन लिनक्ससारखंच काम करतं, पण नाव थोडं वेगळं आहे आणि अ‍ॅट्रिब्यूट आधी इनिशियलाइज करून द्यावा लागतो. विंडोज ८ पासून चालू थ्रेडच्या दोन्ही हद्दी सांगणारा एक कॉल आहे.

मेन थ्रेड ही सर्वात निसरडी जागा. त्याचा स्टॅक कर्नलने दिलेला असतो आणि लिनक्सवर तो लागेल तसा वाढतो. ग्लिबसी त्याचा आकार मेमरी मॅप आणि रिसोर्स लिमिट यांवरून काढून सांगते. मसल मात्र खालची पानं एकेक चाचपडत जाते आणि आत्ता जेवढा स्टॅक मॅप झालेला आहे तेवढाच सांगते. प्रोग्रॅम नुकताच सुरू झालेला असताना हे उत्तर फारच लहान येतं. ते खरं धरून चाललात तर मेन थ्रेडवर खोटा ओव्हरफ्लो दिसेल, म्हणजे शीर्षकातल्या तक्रारीच्या बरोबर उलट. मॅकओएसची १०.९ ही आवृत्तीही मेन थ्रेडसाठी ५१२ केबी असं चुकीचं उत्तर द्यायची, त्यासाठी हॉटस्पॉटमध्ये खास तोडगा लिहिलेला आहे.

यातून सुटण्याचा सोपा मार्ग जावाच्या लाँचरने दाखवला आहे. तो मेन थ्रेडवर जावा चालवतच नाही. नवा थ्रेड तयार करतो, त्याला ठरलेल्या आकाराचा स्टॅक देतो, आणि तुमचं मेन फंक्शन तिथे चालवतो. मॅकवर या मार्गाला एक अपवाद आहे: खिडक्या आणि मेन्यू पहिल्याच थ्रेडवरून हाताळावे लागतात, म्हणून तिथे पहिल्या थ्रेडवर सुरू करण्याचा वेगळा पर्याय द्यावा लागतो.

आणखी एक बारकावा. ग्लिबसी थ्रेड-लोकल मेमरी मागितलेल्या स्टॅकमधूनच कापून घेते, मसल ती वर वाढवून देते. २५६ केबी मागून दोन्हीकडे २५६ केबीच वापरायला मिळतील असं धरू नका. मोठी थ्रेड-लोकल टेबलं असलेली लायब्ररी जोडली गेली तर ग्लिबसीवर लहान स्टॅकचा थ्रेड तयारच होत नाही, अवैध आर्ग्युमेंटचा एरर येतो.

विंडोजवर नेताना

विंडोजवर स्टॅकचा आकार देतानाच पहिली ठेच लागते. थ्रेड तयार करताना दिलेला आकडा, वेगळा फ्लॅग लावला नाही तर, राखून ठेवायचा आकार न मानता लगेच कमिट करायचा (खरी मेमरी अडवून ठेवायचा) आकार मानला जातो. ६४ थ्रेडना प्रत्येकी ८ एमबी मागितले की ५१२ एमबी कमिट झाले. 'आकार म्हणजे रिझर्व्हेशन' असं सांगणारा फ्लॅग लावा.

दुसरी ठेच जस्ट-इन-टाइम कंपायलर (जिट, चालता चालता प्रोसेसरचा कोड बनवणारा) असलेल्यांना. विंडोज स्टॅकची पानं एकेक करून उघडते: उघडलेल्या भागाखाली एक गार्ड पेज, त्याला स्पर्श झाला की ते उघडतं आणि गार्ड एक पान खाली सरकतं. तुम्ही निर्माण केलेल्या कोडने एकाच झटक्यात ४ केबीहून मोठी फ्रेम घेतली आणि मधलं पान न स्पर्शता खाली लिहिलं, तर स्टॅकमध्ये भरपूर जागा असूनही अ‍ॅक्सेस व्हायोलेशन येतं. सी कंपायलर मोठ्या फ्रेमसाठी पानं क्रमाने चाचपणारा कोड आपोआप घालतो. तुमच्या जिटला तो स्वतः घालावा लागतो. लिनक्सवर ही चूक लपून राहते, म्हणून ती नेहमी पोर्टच्या वेळीच वर येते.

थ्रेड थांबवणं

कचरा (वापरात नसलेली मेमरी) गोळा करताना सगळे थ्रेड थांबवावे लागतात, आणि इथेही दरवाजे वेगळे. विंडोजवर दुसऱ्या थ्रेडला बाहेरून थांबवण्याचा कॉल आहे. मॅकओएसवर तेच काम माखच्या (मॅकओएसच्या कर्नलच्या गाभ्याच्या) पातळीवर होतं. लिनक्सवर असा कॉल नाही, सिग्नल पाठवून थ्रेडला स्वतःच थांबायला लावावं लागतं. विंडोजवर थांबवलेला थ्रेड नेमका हीपचं लॉक धरून बसला असेल आणि तुम्ही कलेक्टरमध्ये मेमरी मागितली, तर दोघेही कायमचे अडकतात. लिनक्सवर तेच सिग्नल दुसरी एखादी लायब्ररी वापरत असेल तर ती अडकते. गो भाषेने १.१४ मध्ये थ्रेड अडवण्यासाठी सिगअर्ज हा सिग्नल निवडला, कारण प्रत्यक्षात तो क्वचितच कोणी वापरतं आणि कारणाशिवाय आला तरी फारसं बिघडत नाही. तुमची मशीन नवी असेल तर बाहेरून थांबवण्याच्या वाटेलाच जाऊ नका. इंटरप्रिटर लूपमध्ये ठराविक जागी एक झेंडा तपासा आणि थ्रेडने आपणहून थांबावं. थोडा वेग जातो, पण तो कोड प्रत्येक सिस्टीमवर सारखाच चालतो.

सिग्नल हँडलर स्टॅक ओव्हरफ्लो पकडणार असेल तर प्रत्येक थ्रेडला स्वतंत्र पर्यायी सिग्नल स्टॅक द्यावा लागतो. मेन थ्रेडला दिलेला बाकीच्यांना मिळत नाही. त्याचा आकार पूर्वी हेडरमधल्या स्थिर आकड्यावरून घ्यायचे. प्रोसेसरमधल्या एव्हीएक्स-५१२ सारख्या मोठ्या रजिस्टरांमुळे तो अपुरा पडू लागला, आणि ग्लिबसी २.३४ पासून तो आकडा चालू मशीनला विचारून येतो. त्या आकड्याने ग्लोबल अ‍ॅरे मांडलेला असेल तर कंपाइलच अडेल, आणि ते बरंच झालं.

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. ठराविक वेळ वाट बघणारी कंडिशन व्हेरिएबल (थ्रेडला संकेत येईपर्यंत झोपवणारं साधन) डीफॉल्टने भिंतीवरच्या घड्याळावर चालते. सर्व्हरची वेळ मागे सरकली की थ्रेड तेवढा जास्त वेळ झोपून राहतो. लिनक्सवर तिला मोनोटोनिक (कधीच मागे न सरकणारं) घड्याळ लावता येतं, मॅकओएसवर तो पर्याय नाही, तिथे सापेक्ष वेळ घेणारा वेगळा कॉल वापरा. आणि पानाचा आकार ४०९६ असा कोडमध्ये लिहू नका. अ‍ॅपल सिलिकॉनवर पान १६ केबीचं आहे; ४ केबीच्या हिशेबाने गार्ड पेज मांडायला गेलात तर एमप्रोटेक्ट (पानाची परवानगी बदलणारा कॉल) नापास होतो, आणि त्याचा रिटर्न कोड तपासला नसेल तर गार्डच नसलेला स्टॅक घेऊन मशीन चालत राहते. तिथे जिटच्या मेमरीवर लिहिण्याची परवानगीही थ्रेडगणिक असते: एका थ्रेडने ती उघडली म्हणून दुसऱ्याला लिहिता येत नाही.

एवढं करूनही क्रॅश राहिला आणि कोणाची मदत मागायची वेळ आली, तर प्रश्नासोबत ही माहिती जरूर द्या: सी लायब्ररी कोणती आणि तिची आवृत्ती, क्रॅश झालेला थ्रेड कोणी तयार केला (मशीनने, होस्ट प्रोग्रॅमने की एखाद्या लायब्ररीने), फॉल्टचा पत्ता आणि स्टॅक पॉइंटर, मेमरी मॅपमधल्या त्या दोन ओळी, 'युलिमिट -एस' चं उत्तर, आणि तोच कोड मेन थ्रेडवर चालवल्यावर काय होतं ते.